शर्टाच्या खिशातलं लॉक

"दोन्ही बंद करा."

दारातून आत आला की तो माणूस दोन बोटं वर करायचा आणि आधी हेच म्हणायचा. नमस्कार नाही, काय झालंय ही विचारपूस नाही. दोन्ही म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर. ते बंद झाल्याशिवाय तो वायरीला हात लावत नसे. एकदा एका वकिलाच्या ऑफिसात वकीलसाहेब म्हणाले, "अहो, नोटीस अर्धी टाइप झालीय." तर हा "होऊ दे की" म्हणून बाकावर बसला आणि नोटीस पुरी होईपर्यंत तिथलं परवाचं वर्तमानपत्र वाचत राहिला. आमच्या संघटनेच्या एका केसच्या कामासाठी मी तिथेच होते. मनात म्हटलं, काय हा दगड.

मला तो माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकते. कोकणातल्या माणसावर कोणी लिहायला बसलं की तो माणूस शेवटी फणसासारखा निघतो, वरून काटे आणि आत गरे, आणि वाचणारे हळहळतात. तसलं काही माझ्या हातून होणार नाही. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकात माणूस आपल्या बाजूचा असतो, नाहीतर त्यांच्या. हा कुठेच उभा राहत नव्हता आणि माझा राग त्याचाच होता.

तुमच्याही गावात तेव्हा असा एक असेल, आठवून बघा. पन्नाशीला आलेला, बुटका, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शर्टाच्या खिशाला बटण. जुनी मोपेड, तिच्या हँडलला रेक्झिनची पिशवी. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, दात घासायचा झिजलेला ब्रश, स्पिरिटची बाटली आणि शाळेतली पोरं वापरतात तसलं पांढरं खोडरबर. आमची हवा खारी. गणपतीपुळ्याच्या लॉजमध्ये बिलं छापायचे प्रिंटर असत, त्यांच्या पिना वर्षाच्या आत हिरव्या पडत. हा रबराचा बारीक तुकडा कापून त्या पिना घासायचा, ब्रशने झाडायचा, पण फुंकर कधी मारायचा नाही. मालकाने मारली तर म्हणायचा, "थुंकी उडते, साहेब. तुमच्याच थुंकीने गंजतंय ते."

आणि शर्टाच्या खिशात लॉक.

हे लॉक काय ते सांगायला हवं, कारण आता ते कोणाला दिसत नाही. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्याच्यासोबत काडेपेटीएवढी एक डबी मिळायची. ती कॉम्प्युटरच्या मागे लावायची आणि तिच्या पाठीत प्रिंटरची केबल बसवायची. डबी नसली तरी पडद्यावर मराठी उमटायचं, फाइलही ठेवता यायची, पण छापून काही यायचं नाही. सॉफ्टवेअर कोणी फुकट वापरू नये म्हणून घातलेलं कुलूप होतं ते. त्याने ते स्वतःच्या दुकानासाठी घेतलं होतं. आमच्या संघटनेला परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने ते आमच्याही कॉम्प्युटरवर टाकून दिलं. छापायचं असेल त्या दिवशी तो यायचा, लॉक लावायचा, छपाई होईपर्यंत बसायचा आणि लॉक काढून परत खिशात. वर बटण लावायचा.

म्हणजे बघा, अन्यायाविरुद्धचा आमचा प्रत्येक शब्द या माणसाच्या खिशातून बाहेर यायचा.

आमचं कार्यालय एस.टी. स्टँडच्या मागे, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत. कॉम्प्युटर मुंबईच्या एका हितचिंतकाने दिलेला. त्याच्या ऑफिसात तो जुना झाला होता. गोधडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून आला. सोबत टकटक करत छापणारा प्रिंटर आणि त्याचा तो कडेला भोकं असलेला सलग कागद. पहिल्या दिवशी प्रिंटरने एकही ओळ छापली नाही. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की प्रिंटर उत्तर देत नाही. मी सायकलवाल्याला विचारून या माणसाला बोलावलं.

त्याने दोन बोटं वर केली. दोन्ही बंद झाली. मग त्याने केबल काढून प्रिंटर एकटा वेगळा ठेवला, त्याचं एक बटण दाबून धरलं आणि तसाच चालू केला. प्रिंटर आपण होऊन छापायला लागला. इंग्रजी अक्षरं, आकडे, खुणा, ओळीमागून ओळ, दर ओळीत एक घर सरकून. अर्थ काही नाही.

"हे काय?" मी म्हटलं.

"एकटा बोलतो का बघितलं. बोलतोय. म्हणजे हा शहाणा. आता दुसरा बघू, मग मधली वायर. तोवर कोणाला दोष द्यायचा नाय."

आणि तो एकेकाला सुटं करून तपासत बसला. हातात काम असलेल्या माणसाचा जीव जाईल इतक्या सावकाश. शेवटी पडद्यावरच्या कुठल्या तरी खिडकीत जाऊन एक खूण बदलली आणि प्रिंटर चालू झाला. मधला दीड तास मी जळत होते. मी दोष आधी देते आणि कागद मागून गोळा करते. पत्रक तसंच लिहायचं असतं, नाहीतर गाव हलत नाही.

छापताना तो आमची पत्रकं वाचायचा. वाचून कधी आमच्या बाजूने चकार शब्द नाही, विरुद्धही नाही. एकदा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "काय पुढारीणबाई, या पानात 'तीव्र' पाच वेळा आलंय. रिबन तेवढ्यानेच संपते."

मी तेव्हा त्याला काका म्हणत होते. ते कधी बंद केलं तेही सांगते.

माझं गाव खाडीकाठी. आमची बौद्धवाडी अगदी टोकाला, पुढे चिखल आणि पाणी. माझी आई ओहोटीला त्या चिखलात उतरून खडकाला चिकटलेली, शिंपल्यांतली कालवं काढते आणि बाजारात विकते. तिच्या आईनेही तेच केलं. मी बी.ए. झाले ती कालवांवर. खाडीच्या तोंडाशी एक कंपनी होती, तिची एक पाइपलाइन खाडीत सुटलेली होतीच. त्या बाजूच्या कालवांना रॉकेलसारखा वास मारायला लागला होता. आता कंपनीला दुसरी पाइपलाइन टाकायची होती, आणि ती आमच्या वाडीच्या अंगाने. जनसुनावणी लागली. त्याआधी एका ठरलेल्या तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी हरकती कचेरीत पोचायला हव्या होत्या. हरकती नसल्या तर पाइपलाइन येणार आणि आईचं खाडीत उतरणं संपणार, इतकं ते सरळ होतं.

त्याच सुमाराला मी त्याला कंपनीच्या गेटमधून बाहेर येताना बघितलं. मोपेडवर. छातीला कंपनीचा पास लावलेला.

"तुम्ही तिथे पण जाता?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"जातो की. महिन्याचं काम आहे त्यांचं. त्यांचे पण प्रिंटर बिघडतात."

"ते खाडी मारतायत, काका."

"मारत असतील. मी प्रिंटर बघतो."

त्या दिवसापासून मी त्याला काका म्हटलं नाही. नुसतं 'अहो'.

आणि पत्रक लिहिलं. 'खाडीचे शत्रू ओळखा.' त्यात एक वाक्य घातलं: दिवसा कंपनीच्या गेटातून आत जाणारे आणि संध्याकाळी आपल्यात येऊन बसणारे दलाल आपल्या आसपास फिरत आहेत. टाइप करून त्यालाच छापायला बोलावलं. मुद्दाम. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

प्रिंटरमधून कागद सरकत वर आला. त्याने वाचला. चष्मा कपाळावर.

"हा मी काय?"

"ज्याला लागेल त्याला लागेल."

"मग मोघम कशाला लिहितेस गो? नाव घाल. लोकांनी काय प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"वेळ आली की घालू."

"बरं." त्याने कागद उजेडात धरला. "याच्या झेरॉक्स काढणार ना तू? फिकट आलंय. थांब, रिबन बदलतो." आणि पिशवीतून नवी रिबन काढून त्याने ते पान पुन्हा छापलं. 'दलाल' हा शब्द चांगला काळाभोर उठला. मग लॉक काढलं, खिशात टाकलं, बटण लावलं, गेला.

मला वाटलं होतं तो भांडेल, नाहीतर गयावया करेल. दोन्हीतलं एकही त्याने केलं नाही म्हणून माझा राग दुप्पट झाला. तुम्ही मला आता नावं ठेवत असाल, ठेवा. पण असा माणूस समोर असला की तुमचं काय होतं, ते तुम्हीही तपासा.

हरकती आम्ही घरोघर बसून लिहून घेतल्या. आमचे प्रमुख भाऊ यांनी मुंबईहून बजावलं होतं की एकाच मजकुराच्या शंभर प्रती दिल्या तर ती एकच हरकत धरतात. म्हणून घरटी वेगळी. कोण कालवं काढतो, कोण जाळं टाकतो, कोणाची विहीर खारी झाली. रोज वाडीत जायचं, लिहून आणायचं, कार्यालयात येऊन टाइप करायचं.

तो एकदा म्हणाला, "रोज चार-चार छापत जाऊ. शेवटच्या दिवसावर नको ठेवूस. मशीन जुनं आहे."

मी नको म्हटलं. छापायला तो येणार, छापताना तो वाचणार आणि दुसऱ्या दिवशी तो कंपनीत जाणार. आमच्या हरकतींत काय आहे ते कंपनीला आधी कळलं तर ती उत्तरं तयार ठेवील. म्हणून मी सगळ्या हरकती फ्लॉपीत दडवून शेवटच्या दिवसापर्यंत ठेवल्या. सकाळी छापायच्या, दुपारी सह्या, संध्याकाळी दाखल. म्हणजे त्याला बोलायला वेळच राहणार नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तो आला, दोन्ही बंद करून लॉक लावलं, दोन्ही चालू केली. मी छपाईचा हुकूम दिला. काही नाही. परत दिला. पडद्यावर तीच सूचना, प्रिंटर उत्तर देत नाही.

"दोन्ही बंद कर."

"अहो, पाचला दाखल करायचंय."

"म्हणूनच म्हणतो. दोन्ही बंद."

पुन्हा तेच. प्रिंटर सुटा केला. तो एकटा नीट बोलला. पिना रबराने घासल्या. पुन्हा जोडलं. नाही. अकरा वाजून गेले होते. वाडीतली माणसं आईबरोबर एस.टी.ने निघाली होती आणि थेट कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसणार होती. त्याने दोन्ही बंद केली, केबल काढून हातात वाकवून बघितली. "आतून तुटलीय. माझ्या दुकानात दुसरी आहे. अर्ध्या तासात येतो. तोवर हात नको लावूस."

आणि जाताना त्याने लॉक टेबलावर ठेवलं. एवढ्या दिवसांत प्रथमच. येतोच आहे, म्हणून असेल.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. मोपेडचा आवाज नाही. माझ्या डोक्यात मात्र सगळं बरोबर जुळलं. केबलला काही झालेलं नाही. हा वेळ काढतोय. कंपनीने सांगितलंय याला, पाच वाजू दे. मी कॉम्प्युटर चालू केला, प्रिंटर चालू केला, केबल बसवली आणि हुकूम दिला. नाही. मग लॉक काढून पुन्हा घातलं, केबल काढून पुन्हा दाबली, तिरकी, जोर लावून, सगळं चालू असताना. माझ्या मनात कोणीतरी म्हणत होतं, दोन्ही बंद कर. मी त्याचं ऐकणार नव्हते.

टप् असा बारीक आवाज आला. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास.

तो आला तेव्हा मी खिडकी उघडून उभी होते. त्याच्या हातात नवी केबल, शर्ट घामाने भिजलेला. मोपेड वाटेत बंद पडली होती, ढकलत आणली होती. त्याने दारातच वास घेतला.

"चालू असताना लावलंस?"

"नाही."

माझ्याकडे त्याने एकदा बघितलं. मग खाली बसून मागची बाजू बघितली, आपली केबल लावली, दोन्ही चालू करून बघितली, बंद केली. लॉक काढून पुसलं, खिशात टाकलं. "पोर्ट गेला, केबल घुसते ते तोंड. आज यातून काही यायचं नाय. फ्लॉपीत आहे ना सगळं? दे."

"कुठे नेताय?"

"छापता येईल तिथे."

"कुठे ते सांगा आधी."

"गावात मराठीचं हे सॉफ्टवेअर इथे सोडून आणखी दोन ठिकाणी मी टाकलंय. एक माझं दुकान, तिथला प्रिंटर मी काल उघडून ठेवलाय. दुसरं सांगितलं तर तू फ्लॉपी देणार नायस. दे इकडे. आणि तुम्ही हाताने लिहायला घ्या. हाताने लिहिलेलं चालत नाय असं कोणी सांगितलं तुला?"

कोणीच सांगितलं नव्हतं. माझंच मत होतं की हाताने लिहिलेला कागद विनंतीसारखा दिसतो आणि छापलेला हक्कासारखा. मी फ्लॉपी दिली. विश्वास वाटला म्हणून नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून.

कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही मांडीवर वह्या घेऊन लिहायला बसलो. लिहिता येणारे तिघे. प्रत्येक हरकत दीड पान. चार वाजले तेव्हा आठ झाल्या होत्या. आई माझ्या शेजारी बसून होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तो मानूस यील ना गो?"

"येणार नाही तो."

"मग त्याला कशाला दिलंस?"

साडेचारला मोपेड आली. त्याने रेक्झिनच्या पिशवीतून जाडजूड घडी काढली. सलग कागद, एकही पान न फाडलेला. पायऱ्यांवर आम्ही तो पसरला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या काढल्या, पानं सुटी केली. माणसं सह्या करायला लागली, अंगठे उठायला लागले. आईने आपली सही केली, साक्षरता वर्गात शिकलेली, एकेक अक्षर वेगळं. पान उलटलं आणि मी थांबले. मागच्या बाजूला कंपनीचं नाव, बोधचिन्ह, खाली माल पाठवायच्या चलनाचे रकाने.

"हे काय आहे?"

"कागद तिथे हाच होता. उलट्या बाजूने कोरा आहे."

"तुम्ही कंपनीत छापलंत?"

"मग आणखी कुठे?"

"कोणी अडवलं नाही?"

"विचारलं एका क्लार्कने, काय छापताय एवढं. म्हटलं, तुमच्यावरच्या हरकती. हसला तो. म्हणाला, तुम्ही पण ना."

आई सगळं ऐकत होती. ती त्याला म्हणाली, "दादा, वाडीत या एकदा. कालवा करून घालते."

"घरी चालत नायत. मला बाहेर चालतात."

"मग या. घरी सांगू नका."

तो हसला. त्याला हसताना मी तेव्हाच बघितलं. पाचला दहा कमी असताना शिक्का पडला.

इथे लेख थांबवला तर तो माणूस फणस होतो आणि मी शहाणी होते. पण पुढे सुनावणी झाली.

सुनावणीला मंडप भरलेला. कंपनीचा मोठा अधिकारी हरकतींची फाइल चाळत होता. एक पान त्याने उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग माइकवर विचारलं, "हा कागद कुठून आला?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. हरकत कुठल्या कागदावर असावी असा काही नियम नाही, तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माइक माझ्या हातात होता आणि समोर माणसं होती. मी म्हणाले, "तुमच्याच ऑफिसातून. कागद तुमचा, शाई तुमची, प्रिंटर तुमचा. फक्त खाडी आमची."

मंडप उठला. शिट्ट्या, टाळ्या. भाऊंनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना ऐकवत होते. तुम्हीही त्या गर्दीत असता तर टाळ्या वाजवल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याचा पास काढून घेतला. पहारेकरी आमच्याच वाडीतला, त्याने येऊन आईला सांगितलं. त्या बाजूच्या दुसऱ्या दोन कंपन्यांनीही त्याला बोलावणं बंद केलं. जो माणूस आत येऊन काय छापील सांगता येत नाही, त्याला कोण आत घेईल?

दोन आठवड्यांनी तो आमच्या कार्यालयात आला. कुठल्या तरी मोडक्या मशीनमधून काढलेलं पोर्टचं कार्ड घेऊन. त्याने सांगायच्या आधीच मी दोन्ही बंद केली. त्याने झाकण उघडलं, जुना पोर्ट बघितला आणि मला बोलावून दाखवला. पिना काळ्या पडल्या होत्या.

"चालू असतानाच लावलं होतंस."

मी टेबलावरचे कागद सरळ करायला घेतले.

"लावलंस ते असू दे. माणसापाशी बोल काय खोटं बोलायचं ते. मशीनपाशी नको. मग दोष शोधण्यात फुकट वेळ जातो. त्या दिवशी माझा पाव तास गेला."

मला तेव्हाही रागच आला. तुमचं काम गेलं ना, असं मी विचारलं, तेसुद्धा चिडून.

"गेलं." तो स्क्रू फिरवत होता. "बरंच झालं की. तू छापलं होतंस, मी दलाल. आता नाय राहिलो. पत्रक दुरुस्त कर हवं तर."

मी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "आता कशाला ते उकरून काढायचं? त्यात नाव कुठे होतं?" नाव नव्हतं हे खरं. पण गावात मोपेडवरून कंपनीत जाणारा आणि संध्याकाळी आमच्या कार्यालयात बसणारा माणूस एकच होता. मला ते माहीत होतं आणि भाऊंनाही. तरी मला भाऊंचं म्हणणं पटलं. आपल्याला सोयीचं असतं ते फार लवकर पटतं.

पाइपलाइन आली नाही. त्या वर्षी नाही आणि अजूनही नाही. विजयाची सभा झाली, मी आभार मानले. वकिलांचे मानले, मुंबईच्या हितचिंतकाचे मानले, मांडववाल्याचेसुद्धा मानले.

त्यानंतरही तो लॉक घेऊन येत होता. छापायचा, बसायचा, खिशाचं बटण लावून जायचा. दर वेळी माझ्या मनात यायचं की चार ओळींचं पत्रक लिहावं, त्या वाक्याबद्दल. पण ते छापायला त्यालाच बोलवावं लागणार. त्याच्याच हाताने त्याची माफी छापून घ्यायची मला लाज वाटली. दलाल छापून घेताना वाटली नव्हती. आई विचारायची, "त्याला वाडीत कधी आनतेस?" मी म्हणायची, आणते.

एके दिवशी, पुढच्या कालवांच्या मोसमात, मी कार्यालयात एकटी होते. मी बसले आणि लिहून टाकलं. सहा ओळी. 'तीव्र' एकदाही नाही. त्याच्या कामासकट, नावासकट. मग त्याला बोलवायला त्याच्या दुकानावर गेले. तिथे मोबाइलच्या रिचार्जची पाटी होती. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, "ते गेले की गणपतीनंतर. पनवेलला, लेकीकडे. इथे काम कुठे उरलं होतं त्यांना?"

परत येऊन मी खुर्चीत बसले. सहा ओळी पडद्यावर होत्या. छपाईचा हुकूम दिला. प्रिंटर गप्प. दोन्ही बंद केली. केबल काढली. प्रिंटर एकटा चालू करून बघितला, तो एकटा बोलला. ड्रॉवरमध्ये त्याच्या रबराचा तुकडा पडला होता, त्याने पिना घासल्या. जोडलं, चालू केलं. पडद्यावर आलं की लॉक सापडत नाही. प्रिंटर शहाणा होता. कॉम्प्युटर शहाणा होता. वायरही चांगली होती.

शिंप्याकडे पनवेलचा पत्ता होता. पोस्ट खालच्या रस्त्यालाच आहे. हाताने लिहिलेलं चालतं, हे मला आता माहीत होतं. त्याला तर नक्कीच चाललं असतं.

मी आधी कॉम्प्युटर बंद केला, मग प्रिंटर बंद केला, आणि घरी गेले. आईने कालवं करून ठेवली होती. आम्ही दोघीच, पण चौघांना पुरतील एवढी.